झेनिक्स, डॉस आणि आईचा वाटा

२ एप्रिल १९८८

ही डायरी राजनच्या विमा ऑफिसातली. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी शालन तिची पानं फाडून लाडवाच्या डब्यात तळाला घालते. यंदा गुलाब म्हणाला, "आई, तुझ्या मनात येईल ते ह्यात लिहीत जा. तेवढीच घरात शांतता." म्हणून मी तीन महिने एक अक्षर लिहिलं नाही. शांतता पाहिजे तर त्यानं कानात कापूस घालावा.

आज लिहिते आहे, कारण माझी पुढची खोली गेली. पाडव्याला तिथं कम्प्युटर आला. माझी खाट मागं स्वयंपाकघराला लागून टाकली, का, तर कूलर एकच आणि तो पुढच्या खोलीला. यंत्राला ऊन सोसत नाही म्हणे. मला सोसतं. जयपुरात एप्रिलमध्ये भिंतीवर भाकरी शेकावी असं ऊन असतं, पण मी कऱ्हाडची, मी काय वितळणार.

त्या खोलीत चपला घालून जायचं नाही. यंत्रावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर शालनचा भरतकामाचा रुमाल. देवघरात सुद्धा एवढं सोवळं मी पाळलं नाही.

गुलाब माझा थोरला. मिलिटरीत सिग्नलमध्ये सुभेदार होता, पेन्शन घेतली आणि इथंच जवाहर नगरात घर केलं. राजन धाकटा. दोन वर्षांपूर्वी त्याची बदली इकडं झाली तेव्हा गुलाबच म्हणाला, भाड्यानं कशाला राहतोस, वरच्या दोन खोल्या कुणाच्या आहेत. तेव्हापासून एकच चूल. थोरली सून शालन, धाकटी मधुमती. मधू बी.एस्सी. आहे आणि यंत्र चालवते तीच. यंत्र दोघा भावांनी मिळून घेतलं, आणि दोघांनाही ते नीट चालवता येत नाही. माझ्या मुलांचं सगळं असंच असतं.

तिसरीतनं शाळा सुटली माझी. म्हशी कोण बघणार होतं. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

५ एप्रिल

दुपारी डोळा लागला होता. पुढच्या खोलीत दोघं बोलत होते. कान अजून शाबूत आहेत.

राजन म्हणाला, "दादा, पार्टिशन केल्याशिवाय इलाज नाही."

गुलाब म्हणाला, "मी कुठं नाही म्हणतो? पण मला जास्त लागणार. माझ्याकडं माणसं जास्त येणार."

"आणि जुनं सगळं आधी काढावं लागेल. जुनं ठेवून पार्टिशन होत नाही."

"जुन्याचं काय करायचं?"

"काढून ठेवू कुठंतरी. मधू बघेल ते."

पार्टिशन हा शब्द मला कुणी शिकवायला नको. सासऱ्यांच्या पश्चात आमच्या मालकांचं आणि त्यांच्या भावांचं कोर्टात चाललं होतं, तेव्हा वकील दर तारखेला तोच शब्द तोंडात घोळवायचा. पार्टिशन म्हणजे वाटणी. चूल वेगळी, दार वेगळं, पाण्याचा हंडासुद्धा वेगळा. आणि जुनं म्हणजे कोण ते ह्या घरात एकच आहे.

मी कूस बदलली आणि घोरल्याचं सोंग केलं.

६ एप्रिल

दोघी जावा आज भांडल्या नाहीत. मेथी निवडायला एकत्र बसल्या आणि हसत होत्या. ठरलेलं दिसतंय सगळं.

९ एप्रिल

सकाळी सुतार आला. हातात टेप. पुढच्या खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजलं. मी विचारलं, "भैया, क्या बन रहा है?" तो म्हणाला, "माताजी, पार्टिशन."

घ्या. मोजणीदार दारात उभा.

शेजारच्या ईश्वरीबाईंकडं जाऊन बसले. सिंधी आहेत, शिकारपूरच्या. आमचं दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, म्हणून जमतं. मी म्हणलं, "बहनजी, हमारे घर में पार्टिशन हो रहा है."

बाईंच्या हातातली पापडाची लाटी तशीच राहिली. म्हणाल्या, "हमारा भी हुआ था." मग उठून आत गेल्या आणि कढीचं पातेलं घेऊन आल्या. अख्खं पातेलं. म्हणाल्या, "आज चूल्हा मत जलाना."

मला कळेना एवढी कढी कशासाठी. घरातली वाटणी म्हणजे काही मयत नव्हे. पण त्यांचा चेहरा बघून घेऊन आले. कढी चांगली होती, भेंडी घातलेली. शालनला विचारलं तर म्हणाली, "आत्याबाई, सत्तेचाळीसच्या पार्टिशनला त्यांनी घर सोडलं, दोन भाऊ तिकडंच मारले गेले." मग मला पातेलं घासून परत द्यायला लाज वाटली. रिकामं कसं देणार, म्हणून चकल्या घालून दिलं.

११ एप्रिल

आज विचारूनच टाकलं. असलं पोटात ठेवून जगणाऱ्यातली मी नव्हे.

सगळे जेवायला बसले होते. मी म्हणलं, "मला कुणाच्या वाट्याला टाकलंय तेवढं सांगा. सहा महिने इथं नि सहा महिने तिथं असलं मी करणार नाही. मी काय ऊसतोडीची टोळी आहे? एकानं घ्या, नाहीतर कऱ्हाडचं तिकीट काढा."

सगळ्यांचे हात थांबले.

गुलाब म्हणाला, "कसला वाटा?"

"पार्टिशनचा. सुतार मोजून गेला की."

आधी मधू हसली. हसता हसता तिला ठसका लागला, शालननं पाठीवर चापट मारली आणि तीही हसायला लागली. गुलाबनं तर ताट बाजूला सरकवलं. मधू म्हणाली, "आई, वाटणी घराची नाही हो! कम्प्युटरच्या डिस्कची. त्याच्या पोटातली. आणि सुतार प्लायवूडचं पार्टिशन घालणार आहे, धूळ आत येऊ नये म्हणून."

"आणि जुनं काढायचं ते?"

"जुनी कामं, आई. जौहरी बाजारातल्या शेठजींची. फ्लॉपीवर काढून ठेवायची."

एवढी हसण्यासारखी गोष्ट नव्हती. यंत्राला नीट मराठी नाव दिलं असतं तर एका म्हातारीचा आठवडा वाचला असता.

राजन हसला नाही. घास अडकला असेल. पाणी प्यायला आणि उठला.

१३ एप्रिल

मधूनं मला पुढच्या खोलीत नेलं. कूलरची खस, म्हणजे आपला वाळा, ओली होती, छान वास येत होता. बसून घेतलं. ती सांगत होती, मी ऐकत होते, निदान गार तरी वाटत होतं.

गोष्ट अशी. यंत्राच्या पोटात एक डबी आहे, तिला डिस्क म्हणतात. सगळं काम त्या डबीत साठतं. पण यंत्र स्वतःहून काही करत नाही, त्याच्यावर एक कारभारी लागतो. राजनच्या कारभाऱ्याचं नाव डॉस. मी आधी डास ऐकलं. डॉसवर शेठजींची पत्रं आणि खाती होतात. एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. गुलाबला क्लास काढायचा आहे, चार पोरांनी चार पडद्यांसमोर बसायचं आणि यंत्र एकच. ते डॉसला जमत नाही. त्याला दुसरा कारभारी, झेनिक्स. दोघं एका रानात नांदत नाहीत, म्हणून डबीचे भाग पाडायचे.

"मग पाडा की. एवढं काय?"

"कशानं पाडायचे, तोच प्रश्न आहे, आई. तीन हत्यारं आहेत."

एक डॉसबरोबर आलंय. त्याला फक्त डॉसचाच भाग पाडता येतो आणि ठरलेल्या हद्दीच्या वर जाता येत नाही. दुसरं झेनिक्सबरोबर आलंय, ते फक्त झेनिक्सचा पाडतं. तिसरं एक फ्लॉपीवर दिल्लीहून राजनच्या मित्रानं दिलंय. ते दिसायला सगळ्यांत चांगलं, रंगीत, बाण दाबले की झालं, आणि डॉसला हद्दीपेक्षा जास्त जागा मिळवून देतं.

मी विचारलं, "आणि दोघं कारभारी एकमेकांच्या रानात डोकावतात का?"

मधू म्हणाली, "झेनिक्समधून डॉसचं बघता येतं. डॉसला मात्र झेनिक्स दिसतच नाही."

म्हणजे थोरल्याला धाकट्याचं सगळं दिसतं आणि धाकट्याला थोरल्याचं काहीच दिसत नाही. यंत्र परदेशातलं असलं तरी माझ्या घरातलंच वाटलं.

"आणि एका वेळी?"

"एका वेळी एकच चालू. सकाळी यंत्र लावताना ठरवायचं, आज कोण."

एकच चूल पेटणार तर.

मी मधूला सल्ला दिला की मधे सामाईक पाट ठेव, दोघांनाही पाणी मिळेल. ती म्हणाली, "तसं चालत नाही, आई." मी म्हणलं, मग तुझं यंत्र अडाणी आहे. ती हो म्हणाली. मधूचं मला हे आवडतं. वाद घालत नाही आणि ऐकतही नाही.

२० एप्रिल

दोघं भाऊ तिसऱ्या हत्यारावर खूष. राजन म्हणतो त्यानं डॉसला भरपूर जागा मिळते, गुलाब म्हणतो त्यानं लवकर होतं, क्लासची पाटी रंगवून झालीय. मधू एकटीच म्हणत होती, "दादा, अहो, आधी नीट वाचू द्या. ते हद्द स्वतःच्या भाषेत लिहितंय असं मला वाटतंय." राजन म्हणाला, "तुला सगळ्यात खोट दिसते." गुलाब म्हणाला, "मधू, फौजेत एवढा विचार केला असता तर आम्ही अजून छावणीतच बसलो असतो."

दोघांना खूष करणारा पंच मी जन्मात एकदाच बघितला. तो दोघांकडून जेवून गेला होता.

राजन हल्ली खातीपुऱ्यावरनं येतो. ऑफिस ह्या टोकाला आणि खातीपुरा त्या टोकाला. येताना काकडी आणतो. म्हणतो, तिकडं ताजी मिळते. मंगळवारी शालनला विचारत होता, खातीपुऱ्यात गॅसचा नंबर लवकर लागतो का. काकडीला गॅस कशाला लागतो देव जाणे. बायकोनं सांगितलं असेल.

मधूनं जुनी कामं फ्लॉप्यांवर काढली, दोन-दोन प्रती. राजन म्हणाला, एक पुरे. तिनं ऐकलं नाही.

२७ एप्रिल

व्हायचं ते झालं.

काल रंगीत हत्यारानं भाग पाडले. दहा मिनिटांत. पेढे आणले. डॉस चालू झाला, राजनची कामं परत भरली, सगळं छान. आज सकाळी गुलाब झेनिक्सच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन बसला. एक काढ, दुसरी घाल, पोळ्या लाटल्यासारखं. दुपारी संपलं. झेनिक्स चालू झाला. पुढच्या खोलीतून "आई, आई" अशी हाक. ह्या वयात सुद्धा काही जमलं की हा मला हाक मारतो.

मग राजननं डॉस लावायला सांगितला. डॉस नाही.

म्हणजे नाहीच. मधूनं हजारदा बटणं दाबली, तिचा चेहरा सुकलेल्या खसच्या ताटीसारखा झाला. शेवटी तिला कळलं ते तिनं मला मागाहून सांगितलं. त्या दिल्लीच्या हत्यारानं हद्द आखली खरी, पण ती त्याची त्यालाच वाचता येते. त्याचा माणूस बांधावर उभा असला तर हद्द आहे, नसला तर नाही. झेनिक्स आला, त्याला बांध दिसलाच नाही. त्यानं पडीक समजून नांगर घातला.

राजन ओरडला, "दादा, तू जाणूनबुजून केलंस. तुला सगळी जागा पाहिजे होती."

"मी? त्या मित्राचं हत्यार कुणी आणलं?"

"पाटी रंगवायची घाई कुणाला होती?"

"तू तर कधीच मनापासून नव्हतास ह्याच्यात. नोकरी सांभाळून चार पत्रं टाइप करायची, त्याला धंदा म्हणत नाहीत."

"मग मी नसलेलाच बरा. खातीपुऱ्यात घर बघितलंय मी. वीस मेला जातोय."

मधू भिंतीला टेकून उभी होती. तिला ठाऊक होतं हे दिसत होतं. आणि तिला नको होतं हेही दिसत होतं.

मी काकडी चिरत होते. ती सगळी ईश्वरीबाईंच्या गायीला घातली.

२८ एप्रिल

कुणी कुणाशी बोललं नाही. भाजीत मीच मीठ जास्त टाकलं, निदान त्याच्यावर कुणीतरी बोलेल. नाही बोललं. दोघांनीही निमूट खाल्ली.

३ मे

मधू चार दिवस पुढच्या खोलीत आहे. फ्लॉप्यांच्या दोन प्रती काढल्या होत्या त्याचा उपयोग झाला, पहिल्यातली एक फ्लॉपी खराब निघाली. शेठजींचं काही गेलं नाही. हे राजनला मी सांगितलं, कारण मधू सांगणार नव्हती. तो म्हणाला, "बरं झालं." एवढंच. बायकोला शाबासकी द्यायला ह्याच्या जिभेला लकवा होतो. बापाचंच वळण.

आज मधूनं हत्यार पक्कं केलं. तिसरं नको. आणि दोघांतलं एकही एकटं नको.

"आई, डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर चारच ओळी मावतात. कुणाचा भाग कुठं सुरू होतो, कुठं संपतो. ती पाटी साध्या भाषेत लिहिली तर दोघांनाही वाचता येते. म्हणून आधी डॉसच्या हत्यारानं डॉसनं फक्त आपला भाग आखायचा, पुढं हात लावायचा नाही. मग झेनिक्सच्या हत्यारानं झेनिक्सनं उरलेल्यात आपला."

"म्हणजे ज्यानं त्यानं आपला बांध आपल्या हातानं घालायचा."

"हो, पण दोघांनी एकाच पाटीवर लिहायचं."

"हे कळायला एवढे दिवस कशाला लागले?"

"मला आधीच कळलं होतं, आई," ती म्हणाली. "ऐकणारं कुणी नव्हतं."

मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं. साखर जास्त पडली, चमचा मोठा होता.

१० मे

राजन म्हणाला, "आई, वीस तारखेला टेंपो ठरवलाय. तू कुठं राहायचं ते तू ठरव. कुणाची जबरदस्ती नाही."

एवढी लाघवी भाषा त्यानं कुठून आणली. मी म्हणलं, "सोळापासून धोंड्याचा महिना लागतोय. अधिक महिन्यात नव्या घरात पाऊल टाकत नाहीत."

"आई, हे सगळं..."

"तुझ्या बापानं मला अधिकात माहेरी सुद्धा पाठवलं नाही कधी. तुला टाकायचंय तर टाक. मी नाही येणार, आणि मधूला मी तसं सांगेन."

"मग आधीच जातो. बारा तारखेला."

"अमावस्येच्या तोंडाला? जा की. दूध उतू घालायला तुझ्या ऑफिसातला शिपाई बोलाव."

तो कपाळाला हात लावून वर गेला. स्वयंपाकघरात शालन आणि मधू भांडी विसळत होत्या. शालन हळूच म्हणाली, "महिना मिळाला." मला ऐकू जात नाही असं दोघींना वाटतं.

१८ मे

आज परत वाटणी झाली. मीच बसवली सगळ्यांना. राजनला जायचंच असलं तरी शेठजींचं काम अर्धवट टाकून जाता येत नाही, आणि गुलाबच्या क्लासला पोरं नावं घालून गेलीत. यंत्र एकच. तेव्हा वाटणी करा आणि मग कुठं जायचं तिकडं जा.

दोघं दोन खुर्च्यांवर, तोंडं दोन दिशांना. मधू यंत्रासमोर. शालननं निरांजन लावलं. मी म्हणलं, कशाला, ती म्हणाली, असू दे.

मी म्हणलं, "आपल्याकडं रीत काय आहे? वाटे थोरल्यानं करायचे, उचल धाकट्याची. गुलाब, तू रेघ सांग. राजन, तू आधी उचल."

ह्या रीतीत एक गोम आहे. आधी कोण उचलणार हे ठाऊक असलं की करणाऱ्याचा हात सरळ चालतो.

मधू म्हणाली, "तसंही डॉसचाच आधी आखायचा आहे. बरोबर बसतंय, आई."

गुलाबनं पडद्याकडं बघितलं. पेन घेऊन कागदावर काहीतरी खरडलं, खोडलं. मग म्हणाला, "मधू, निम्म्याच्या जरा वर डॉसला दे."

राजन त्याच्याकडं वळला. "निम्म्याच्या वर कशाला? तुझी चार पोरं बसणार."

"शेठजींची खाती वाढतायत. तुला लागेल."

"मला एवढं नको. क्लासला कमी पडलं तर परत माझ्या नावानं बोंब."

"मी कधी बोंब मारली?"

"सत्तावीस तारखेला."

"ती वेगळी होती."

मग उलटंच भांडण लागलं. तू घे, मला नको, तू घे, मला नको. हेही तेवढ्याच मोठ्या आवाजात. ईश्वरीबाई गच्चीवरनं डोकावल्या. मी हातानं खूण केली की ठीक आहे, कढी नको.

बाहेर आंधी यायला लागली होती, आकाश पिवळं. मधू म्हणाली, "लाइट जायच्या आत ठरवा, मला एक आकडा पाहिजे." गुलाब म्हणाला, "त्याला जेवढं पाहिजे तेवढं त्याला दे, मी जेवढं म्हणतोय तेवढंच मला." तिनं दोघांनी सांगितलेलं तसंच टाकलं. आधी डॉसच्या हत्यारानं, मग फ्लॉपी बदलून झेनिक्सच्या. दोघांनी कमी-कमी मागितल्यामुळं शेवटी डबीत जागेचा एक फाळका उरला. कुणाचाच नाही.

मधूनं विचारलं, "हा कुणाच्या नावावर?"

 राजनच म्हणाला, "आईचा वाटा ठेवतात ना वाटणीत."

हे त्याला कुठून आठवलं कुणास ठाऊक. कऱ्हाडची वाटणी झाली तेव्हा हा माझ्या कडेवर होता.

मधू म्हणाली, "पाटीवर दोन ओळी रिकाम्या आहेत. लिहू का, आई?"

मी म्हणलं, "लिहू नकोस. कोरा राहू दे."

मग लाइट गेली. पण तोवर झालं होतं. लाइट आल्यावर आधी डॉस लावला, आला. मग झेनिक्स लावला, आला. परत डॉस लावला, तोही आला. राजन म्हणाला, "मधू, जमलं तुला." खुर्चीवरनं उठून सगळ्यांदेखत म्हणाला. लकवा सुटला म्हणायचा.

२ जून

क्लास सुरू. चार पोरी आहेत, पोरं नव्हेत. आत येताना चपला काढतात आणि मला "नमस्ते दादीजी" म्हणतात. सकाळी झेनिक्स, दुपारी डॉस. संध्याकाळी राजन ऑफिसातनं येतो तेव्हा गुलाब खुर्ची सोडून उठतो आणि मशीन गरम झालंय, जरा थांब, असं सांगतो. राजन थांबतो. तेवढ्या वेळात दोघं चहा घेतात. मशीन खरंच गरम होतं का ते मधूला विचारलं. ती म्हणाली, "नाही."

१६ जून

परवा धोंड्याचा महिना संपला. मी वाट बघत होते टेंपोची. टेंपो आला नाही. काकडी पण बंद आहे.

आज जेवताना मीच म्हणलं, "खातीपुऱ्याचं घर?"

राजन ताटात बघत म्हणाला, "पाणी नीट येत नाही तिकडं."

गुलाब म्हणाला, "मी सांगितलंच असतं तुला. छावणीत होतो तेव्हापासून तिकडं पाण्याची बोंब आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

बरं. पाणी तर पाणी.

सुतार परत येऊन प्लायवूड ठोकून गेला. पण राजननं त्याला मोजमाप बदलायला सांगितलं. पुढच्या खोलीचा एक तुकडा यंत्राला ठेवला आणि खिडकीकडचा तुकडा मोकळा सोडला. माझी खाट परत तिथं आली. मी म्हणलं, मागं बरं होतं. कुणी ऐकलं नाही.

२१ जून

मधूकडनं एक गोष्ट कळली. तो उरलेला फाळका आता कुणाला द्यायचा तर सगळं मोडून परत वाटणी करावी लागेल. नुसता वाढवून देता येत नाही. मी विचारलं, "दोघांना ठाऊक आहे?" ती म्हणाली, "दादांना आहे. ह्यांना पण आहे. विचारत नाहीत दोघंही."

मी म्हणलं, बरं आहे मग.

तरी आज गुलाबला राहवलं नाही. चहा घेताना म्हणाला, "आई, तुझा वाटा शेवटी कुणाला देणार?"

राजन पेपर वाचत होता. पान उलटायचं थांबला.

मी म्हणलं, "जो आधी विचारील त्याला नाही."

राजन एवढा हसला की पेपर खाली पडला. गुलाब म्हणाला, "म्हणजे मी गेलो कामातनं." मग तोही हसला.

दुपारी झोपून उठले तर खोली गार. बघते तर कूलरचं तोंड यंत्राकडं नाही, माझ्या खाटेकडं फिरवलेलं. कुणी फिरवलं विचारलं तर गुलाब म्हणतो राजननं, राजन म्हणतो दादानं. यंत्र तिकडं उकडतंय.

वाट्याची हाव, दुसरं काय.